अर्जात लिहिलं तेवढं

गेल्या चार वर्षांत मी पुष्कळ बोललो. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत बोललो, गणपतीच्या मंडपात बोललो, बहिणीच्या सासरी जाऊन शिक्षणाच्या महत्त्वावरसुद्धा बोललो, आणि लोकांनी ऐकून घेतलं. ही एक गोष्ट मात्र तोंडातून निघाली नाही. मायजवळ नाही, मित्राजवळ नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्या लेआउटमधले, आमच्या वस्तीतले नाही. उद्या सकाळी नळावर तुमची-माझी गाठ पडणार नाही. याला धैर्य म्हणायचं का? मला नाही वाटत. पण सांगायला बसलोच आहे, तर ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं सांगतो.

गोष्ट एका खोलीची आहे.

आमचं घर उमरेड रोडच्या अलीकडे आहे. बाबांनी तिथे प्लॉट घेऊन आधी दोन खोल्या काढल्या, छपरावर कवेलू घातले, आणि मी कॉलेजात गेलो त्या वर्षी रस्त्याच्या बाजूला तिसरी खोली बांधली. ती भाड्यानं द्यायची ठरली. आमच्या घराण्यात तोवर कोणी घरमालक झालं नव्हतं. कुहीकडच्या आमच्या गावात स्वतःचं म्हणावं असं एक अंगण होतं, आणि तेही अर्धं काकाचं. त्यामुळे भाडेकरू कसा निवडतात हे आम्हाला कोण सांगणार? शेजारचे लोक दोन प्रश्न विचारून खोली देत, किंवा दोन प्रश्न विचारून नाही म्हणत. बाबांना ते पटलं नाही. त्यांची पद्धत वेगळी होती.

बाबा सरकारी कचेरीत चपराशी होते. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं — अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर नेले. अर्ज हातात घेतला की तो कोणाचा असेल हे ते कागदावरून सांगत. जाड कागद असला तर वकिलाकडून आलेला, वहीचं पान असलं तर खेड्यातला, घडीवर घडी असली तर खूप दिवस खिशात वागवलेला. कोणत्या साहेबाची सही कशी वळते, कोणता शेरा कोणत्या शाईत येतो, सगळं त्यांना ठाऊक. फक्त अर्जात काय लिहिलं आहे ते ठाऊक नसे. बाबांना वाचता येत नव्हतं. सही येत होती, तीही चित्र काढावं तशी.

तर बाबा म्हणाले, खोली अर्जावरच द्यायची. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, माणूस चेहरा पाहून भुलतो. अर्जाला चेहरा नसतो. अर्जात लिहिलं असेल तेवढंच खरं धरायचं. मी पत्र्याच्या तुकड्यावर ऑइल पेंटनं लिहिलं — ‘खोली भाड्याने देणे आहे. लेखी अर्ज करावा.’ — आणि तो फाटकाला तारेनं बांधला. लोक थांबून वाचत आणि हसत. एक जण तर आत येऊन म्हणाला, “काहो, खोली देऊन राहिले का नोकरी?” बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या वहीतलं एक पान फाडून त्याच्या हातात दिलं.

अकरा दिवसांत सात अर्ज आले. बाबांनी ते लाल फितीच्या फाइलीत ठेवले. ही जुनी फाइल त्यांनी कचेरीतून साहेबाला विचारून आणली होती. विचारून, हे ते दोनदा सांगत. मग एका रविवारी दुपारी सुनावणी झाली. सुनावणी हा त्यांचाच शब्द. माय तेव्हा घरी नव्हती. बहिणीच्या बाळंतपणासाठी उमरेडला गेली होती. बाबा अंघोळ करून, पांढरी टोपी घालून खाटेवर बसले, भिंतीला टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, “वाच गा.”

आता माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे. टाळून चालणार नाही, कारण जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो. इंग्रजीच्या तासाला काही कळायचं नाही — सर हसले की हसायचं, बाकीचे पान उलटतील तेव्हा पान उलटायचं. मित्रांना मी सांगितलं होतं की वडील सरकारी नोकरीत आहेत आणि कुहीकडे आमची शेती आहे. खोटं होतं का? नोकरी सरकारीच होती. शेतीही होती, दुसऱ्याची. माय त्या शेतीत गुडघाभर चिखलात उभी राहून धानाची रोवणी करायची, रोजानं. मी लहान असताना बांधावर बसून तिच्या भाकरीची राखण केली आहे. हे मी मित्रांना कसं सांगणार होतो?

म्हणजे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

पहिले पाच अर्ज मी प्रामाणिकपणे वाचले. अगदी अक्षर न अक्षर, चुकांसकट. एका गृहस्थानं ‘आपला आज्ञाधारक’ लिहून खाली तीन सह्या केल्या होत्या. एकानं अर्जातच विचारलं होतं की घरमालकाला कुत्रा आहे काय. बाबा डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, “ठेव उजवीकडे,” किंवा “ठेव डावीकडे.” उजवीकडचे विचारात घ्यायचे, डावीकडचे नामंजूर. मला मजा वाटत होती. खरं सांगू? मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं. सात घरांचं नशीब माझ्या आवाजातून बाबांच्या कानात जात होतं, आणि मधे कोणी नव्हतं.

सहावा अर्ज टाइप केलेला होता. इंग्रजीत. खाली सही — ठोसर, इंग्रजीचे अधिव्याख्याते, एकटेच राहणारे. मी तो वाचून, अर्थ लावून बाबांना सांगितला. अर्थ लावताना मी एक-दोन चांगल्या गोष्टी पदरच्या घातल्या, हेही कबूल करतो. पण माझं डोकं तोवर पुढे धावलं होतं. समोरच्या खोलीत इंग्रजीचे सर! दारातून दिसणारी पुस्तकांची फळी. संध्याकाळी मी सहज आत जाऊन बसलो आहे. मित्र सायकलवरून येऊन विचारतात, हे कोण रे तुमच्याकडे?

“ठेव उजवीकडे,” बाबा म्हणाले.

मग सातवा. वहीचं पान, चार घड्या, पेन्सिलीनं लिहिलेलं, कान्हे-मात्रे इकडेतिकडे. तो अर्ज मला पाठ आहे. पाठ करावा लागला नाही, तो गेलाच नाही डोक्यातून. त्यात असं होतं:

“दादा, तुमची खोली हाये असं समजलं. आमी दोघीच हावो, मी अन् माही पोरगी. मालक वारले. मी रामदासपेठेत दवाखान्यात आया हावो, कुहीवरून जाणं-येणं करतो. पोरगी सातवी पास झाली, तिचं नाव इथल्या शाळेत टाकाचं हाये. मले कधी रात्रपाळी राह्यते, तवा पोर एकटी राहीन, म्हनून ओळखीचं घर पाह्यजे. तुमच्या गयाबाईसंगं मी चार वर्सं रोवणीले होती. तिले इचारा, अनसूया कशी बाई हाये. तुमचा पोरगा कॉलेजात हाये असं आयकलं. माह्या पोरीलेबी शिकाची लय हाव हाये.”

खाली नाव होतं, अनसूया बोरकर. गयाबाई म्हणजे माझी माय.

मी मोठ्यानं वाचायच्या आधी तो एकदा मनात वाचून काढला. त्याला किती वेळ लागला असेल? एक श्वास, दोन श्वास. पण त्या दोन श्वासांत मला सगळं दिसलं. समोरच्या खोलीत ही बाई. माय आणि ती दारात बसून रोवणीच्या गोष्टी काढताहेत, हसताहेत, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. “तुह्या पोरानं कशी भाकर कुत्र्याले देल्ली होती वं गया!” आणि फाटकाशी माझे मित्र उभे.

आणि मला बाबा माहीत होते. हा अर्ज जसाच्या तसा ऐकला असता तर ते डोळे उघडून म्हणाले असते, “दे तिले.” ठोसर सरांचा कागद डावीकडे गेला असता.

मी वाचलं — “श्रीमती बोरकर यांचा अर्ज. आम्ही सहा जणं हावो.”

झालं. एवढंच केलं मी. ‘दोघीच’ लिहिलं होतं, ‘सहा’ वाचलं. पोरीचं आणि शाळेचं वाचलं नाही. रोवणीचं वाचलं नाही. मायचं नाव वाचलं नाही. दवाखान्याचं तेवढं वाचलं, कारण अर्ज फारच लहान वाटला असता. आवाज हलला नाही. मला वाटलं होतं हलेल — नाही हलला.

“सहा?” बाबांनी डोळे उघडले नाहीत. “एका खोलीत सहा? अन् नळ एकच हाये आपला.” मग म्हणाले, “गरीब दिसते बिचारी. ठेव डावीकडे.”

मी ठेवला.

इथे थांबलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, पोरवयातली चूक आहे. पण गोष्ट इथे थांबत नाही.

तीन दिवसांनी ती स्वतः आली. सकाळची वेळ, बाबा कचेरीत जायच्या तयारीत, मी ओट्यावर दाढीचं सामान घेऊन बसलेला. बारीक अंगाची, हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला. फाटकातूनच म्हणाली, “गयाबाई हाये काय घरी?”

“लेकीकडे गेली उमरेडले,” बाबा म्हणाले. “तुम्ही कोन?”

“मी बोरकर जी. अर्ज देल्ला होता खोलीचा.”

बाबांनी तिला ओट्यावर बसवलं आणि पाणी आणायला मला सांगितलं. मी पाणी घेऊन आलो तेव्हा बाबा तिला समजावत होते. कचेरीत ते लोकांना समजावायचे तसेच, हळू आवाजात, कोणाचा अपमान होणार नाही असं. “बाई, तुमचा अर्ज पाह्यला. पण तुम्ही सहा जणं. खोली पाह्यली ना तुम्ही? खाट टाकली का चालाले जागा नाही. मी शब्द देऊन टाकला एका मास्तराले.”

“सहा?” ती म्हणाली.

मी पेला हातात घेऊन उभा होतो.

“हो. माह्या पोरानं वाचून दाखवला ना,” बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे हात केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. “बी.ए.ले हाये तो. मले नाही येत वाचता, खोटं काहून बोलू? पण हा एक अक्षर सोडत नाही. आमच्या साहेबापेक्षा चांगलं वाचते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनंच लिहिलं होतं. काय लिहिलं होतं ते तिला माहीत होतं, आणि कोणी वाचलं ते आता कळलं होतं. तिनं फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तोही तिचाच, पेन्सिलीनं लिहिलेला. तिनं बाबांकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. मग माझ्या हातातून पेला घेतला, पाणी पूर्ण प्याली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, “बराबर हाये भाऊ तुमचं. मानसं जास्तच हायेत आमची.”

बाबांनी विचारलं, “गयाबाईले कसं ओळखता?”

“होती ओळख. रोवणीतली.”

“मंग अर्जात काहून नाही लिहिलं बाई? लिहाचं ना.”

“राह्यलं लिव्हाचं,” ती म्हणाली.

उठताना तिनं अर्ज परत मागितला. बाबांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, “अर्ज परत नाही भेटत बाई. फाइलीले लागते.” ती हसली, आणि गेली. फाटक तिनं नीट लावून घेतलं. बहुतेक लोक उघडं टाकून जात.

मायला हे कळलंच असतं. चाळीस दिवसांनी ती परत आली तेव्हा बाबांनी विचारलं, ही रोवणीतली बोरकरबाई कोण? मायनं पुष्कळ आठवून पाहिलं. “रोवणीले तं ढीगभर बाया राह्यत. आडनाव कोन इचारते तिथी? बोरकर... नाही बा आठवत.” ‘अनसूया’ एवढं एक नाव तिला पुरलं असतं. मी तिथेच जेवत होतो. मी भाजी मागितली.

ठोसर सर आले. चांगला माणूस निघाला — आणि हेही मला सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही कदाचित वाट पाहत असाल की सर वाईट निघाले आणि मला धडा मिळाला. तसं काही झालं नाही. सर माझं इंग्रजी दुरुस्त करत. पुस्तकं देत, परत मागत नसत. मी शेवटून दुसऱ्या बाकावरून पुढच्या बाकावर आलो. बी.ए.ला मला पहिला वर्ग मिळाला, तो त्या खोलीमुळे मिळाला. ज्या खोलीत एका पोरीची शाळा व्हायची होती, त्या खोलीत माझं शिक्षण झालं.

मी त्या पोरीला पाहिलं आहे. दुसऱ्या वर्षी सरांना टायफॉइड झाला, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी मायनं दिलेला पेजेचा डबा घेऊन गेलो. व्हरांड्यात अनसूयाबाई. मी मागे फिरणार होतो, पण तिनंच हाक मारली, “बाबू! सरांसाठी आला काय? बरे हायेत ते. पाहून राहिली ना मी.” तिच्या मागे एक मुलगी फरशी पुसत होती. चौदा-पंधरा वर्षांची. अंगात निळा स्कर्ट, शाळेचा असतो तसा, प्लेट्स पडलेला, पण खालचा काठ फिनाइलनं पांढरा पडलेला.

“हे माही पोरगी,” ती म्हणाली. “शाळेचं नाही जमलं बाबू. एकटी कुठी ठेवू हिले? म्हनून संगंच आणतो. कितवीले गेला तू?”

“बी.ए. सेकंड इयर.”

“शिक बाप्पा,” ती म्हणाली. त्यात टोमणा होता का? मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नव्हता. तोच तर त्रास आहे.

मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझे पाय ओल्या फरशीवर होते म्हणून थोडी बाजूला सरकली.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायचं. घरी जाऊन बाबांसमोर उभं राहायचं. हो. डबा परत घेऊन जाताना मी ठरवलं होतं. फाटकापर्यंत ठरलेलं होतं.

बाबा रिटायर झाले. घरी बसणारा माणूस नव्हता तो. संध्याकाळी सहा वाजले की मारुतीच्या देवळात जायचे. तिथे भजन होतं, मला वाटे भजनालाच जातात. परत आले की बोटं पांढरी असत. माय म्हणे, देवळात बसून तंबाखू मळता, चुना तरी पुसत जा. बाबा हात धुऊन घेत.

सरांची गेल्या दिवाळीनंतर बदली झाली, खोली रिकामी झाली. मी एम.ए.ला. पत्रा पुन्हा फाटकाला बांधायचा म्हणून मी तार शोधत होतो, तर बाबा म्हणाले, “नवे अर्ज मागून. आधी जुने पाहून घेऊ. प्रलंबित अर्जाचा हक्क पहिला राह्यते.” कचेरीचा नियम. त्यांनी फाइल काढली, फीत सोडली. पुन्हा रविवारची दुपार, पुन्हा तीच खाट. फक्त टोपी नव्हती. त्यांनी कागद चाळले, एक बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. वहीचं पान, चार घड्या.

“वाच,” म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले नव्हते. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

आणि आता सांगतो — हेच सांगायला मी बसलो आहे, इतका वेळ पहिल्या वेळेचंच सांगत राहिलो. पहिल्यांदा मी अठरा वर्षांचा होतो, मला माझ्या मायची लाज वाटत होती, आणि त्या मुलीचं काय होईल हे मला माहीत नव्हतं. या वेळी मी बावीस वर्षांचा होतो. लाज राहिली नव्हती. मित्र घरी येत, मायच्या हातचं जेवत. मुलीचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खोली रिकामी होती. कागद हातात होता. त्यावर पेन्सिलीनं ‘दोघीच’ लिहिलेलं होतं, चार वर्षांत थोडं पुसट झालेलं, पण वाचता येईल असं. मला फक्त वाचायचं होतं.

मी वाचलं, “आम्ही सहा जणं हावो.”

बाबांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग विचारलं, “किती जणं म्हन्ले?”

“सहा.”

“बरं.”

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो जुन्या घड्यांवरच दुमडला — आणि फाइलीत नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवला. म्हणाले, “जा. अभ्यास कर.”

पंधरा दिवसांनी मायला लग्नाला कुहीला जायचं होतं. बाबा आणि मी तिला पोचवायला एस.टी. स्टँडवर गेलो. चार-पाच गाड्या उभ्या. नेहमीप्रमाणे मी पाट्या पाहायला पुढे झालो. मागून बाबांचा आवाज आला. ते एका गाडीसमोर उभे होते, बोट हवेत, ओठ हलत होते. “कु... ही. कुही. हेच गाडी.”

माय हसायला लागली. “दाखवा, दाखवा पोराले! अरे, चैतापासून जाऊन राहिले ते देवळातल्या वर्गाले. म्हाताऱ्यायचा वर्ग हाये ना थो. मले म्हने सांगू नको, पुरा शिकलो का सांगतो त्याले.”

चैत्रापासून. म्हणजे आठ महिने. चुना नव्हता तो, खडू होता.

घरी शिकायला वाचण्याजोगं काय होतं बाबांजवळ? माझी पुस्तकं इंग्रजी. वर्तमानपत्र आम्ही घेत नव्हतो. मराठीत, हातानं लिहिलेलं, सोप्या शब्दांचं असं घरात काय होतं? ती फाइल. एक-एक अक्षर लावत त्यांनी ते अर्ज वाचले असतील. कोणत्या दिवशी ते ‘दोघीच’पर्यंत पोचले असतील, ते मला माहीत नाही. त्यानंतर किती दिवस थांबून त्यांनी मला तो वाचायला दिला, तेही नाही.

माय कुहीहून आली त्या संध्याकाळी भांडी घासता घासता मला सांगत होती, “तुह्ये बाबा रामदासपेठेत जाऊन आले बरं. थे बोरकरबाई म्हन्जे आपली अनसूया निघाली. खोली देतो म्हन्लं तिले. तिले नाही पाह्यजे आता, कामठीले राह्यते भावाजवळ. पोरगीबी दवाखान्यात कायम झाली. बरं झालं बाई, लागली कामाले.” माय खरोखर खूश होती. बाबांनी तिला त्याहून जास्त काय सांगितलं होतं, मी विचारलं नाही.

बाबा मला काही बोलले नाहीत. आजही बोलले नाहीत. जेवताना विचारतात, परीक्षा कधी आहे. सायकलच्या चाकात हवा भरून ठेवतात. लोकांना सांगतात, पोरगा एम.ए.ला आहे.

पत्रा पुन्हा फाटकाला लागला, अर्ज आले. बाबा आता चष्मा लावून खाटेवर बसतात आणि स्वतः वाचतात. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. एका अर्जाला अर्धा तास लागतो. मी समोर टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेला असतो. परवा ते एका जोडाक्षरावर अडले. दोनदा मागे जाऊन पुन्हा आले, पुन्हा अडले. मी मान वर केली. माझ्यापासून चार हातांवर होते ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कानावरची पेन्सिल काढली, त्या अक्षराखाली बारीक खूण केली, कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि सहा वाजता देवळात विचारायला घेऊन गेले.